उदाहरणादाखल एक कोट

ऑफिसात त्यांना सगळे भाष्यकार म्हणत. पोरं सॉफ्टवेअर बनवत आणि ते कसं वापरायचं हे भाष्यकार लिहीत. नमनाला घडाभर तेल जाळल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. 'बटण दाबा' एवढं सांगण्याआधी बटण म्हणजे काय आणि ते दाबताना मनाची तयारी कशी असावी, हेही ते सांगत. "माझ्या मार्गदर्शिकेने आजवर कुणाचं नुकसान झालेलं नाही," ते स्वतःच म्हणत. "त्यासाठी आधी ती कुणीतरी वाचावी लागते."

या वेळचं अवजार नवं होतं. लोक कॉम्प्युटरात टिपणं ठेवतात आणि विसरून जातात. आता एआय एजंट ती टिपणं स्वतः वाचून, विचाराल त्याचं उत्तर देणार होता. त्याला टिपणांचं दार उघडून द्यायचं, एवढंच या अवजाराचं काम.

"बाहेरच्या एखाद्या माणसाने तुमचं वाचून हे चालवलं पाहिजे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "शुक्रवारी मी स्वतः त्याला फोन करून विचारीन. नाही जमलं तर यापुढे मार्गदर्शिका यंत्रच लिहील. तुम्ही तक्रारींचे फोन घ्या."

तक्रारींचे फोन! भाष्यकार माणूस शोधू लागले. बाहेरचा माणूस म्हणून त्यांना एकच सुचला, तोही घरातला. खालच्या मजल्यावर बायकोचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांची टिपणं ती कॉम्प्युटरातच ठेवायची.

"अहो, तुम्हीच जोडून द्या की," ती म्हणाली.

"मी जोडून दिलं तर परीक्षा कसली?"

"या वयात मला परीक्षेला बसवताय?"

पण बसली. कुरकुरत पहिली चार पानं वाचली, सांगितलं तसं केलं आणि एजंट बोलू लागला. भाष्यकारांना आकाश ठेंगणं झालं. त्या भरात त्यांनी तिच्याच दुकानात बसून उदाहरणांचं प्रकरण लिहायला घेतलं. उदाहरण काही सुचेना. समोर दुरुस्तीला आलेला एका वकीलसाहेबांचा तपकिरी कोट टांगलेला होता. त्यांनी ठोकून दिलं: 'वकीलसाहेबांचा तपकिरी कोट, बाह्या दोन इंच कमी करणे.' मग बायकोच्या हाताशी असावी म्हणून आख्खी मार्गदर्शिका तिच्या टिपणांच्या फोल्डरमध्ये ठेवली. फोल्डर म्हणजे काय यावर या गृहस्थांनी स्वतः दीड पान लिहिलेलं होतं!

शुक्रवारी भाष्यकार घरूनच काम करत होते. दुपारी खालून हाक आली, "अहो, जरा खाली या." आवाज इतका गोड होता की भाष्यकार चपला न घालताच धावले.

वकीलसाहेब आरशासमोर उभे होते. कोटातून त्यांची दोन्ही मनगटं बाहेर डोकावत होती.

"मी फक्त अस्तर बदलायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"माझ्या टिपणात तेवढंच होतं," बायको म्हणाली. "पण एजंट म्हणाला, बाह्याही कापा. मी कापल्या. आता विचारलं, हे कुठून आणलंस? तर म्हणतो, मार्गदर्शिका, पान नऊ."

"पान नऊ?" भाष्यकारांचा चेहरा क्षणभर उजळला. "तो पान नऊपर्यंत वाचत गेला?"

"अहो!"

"पण मी 'उदाहरणार्थ' म्हटलंय!"

"कुठे?"

"दोन परिच्छेद आधी."

"दोन परिच्छेद आधी कोट कुणाचा होता?" वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. मॅनेजरबाई.

"चालतंय का?" बायको फोनवर म्हणाली. "चालतंय की. जरा जास्तच चालतंय."

भाष्यकार हात जोडून खुणा करत होते. तिने त्या पाहिल्या, कोटाकडे पाहिलं आणि फोन त्यांच्याच हातात दिला. खोटं बोलायला ती तयार होती, पण वकिलासमोर नाही.

"मॅडम," भाष्यकार म्हणाले आणि जन्मात पहिल्यांदा प्रस्तावना गिळून गेले. "मार्गदर्शिका टिपणांत ठेवली तर एजंट तिच्यातली उदाहरणंही खरी मानतो. मी ठेवली. एका माणसाचा कोट गेला."

"हे पहिल्या पानावर घाला," मॅनेजरबाई म्हणाल्या. "असंच, याच शब्दांत."

"म्हणजे तक्रारींचे फोन...?"

"ते दुसरं कुणीतरी घेईल. तुम्हाला तीन ओळींत सांगता येतं, हे आधी का नाही सांगितलंत?"

भाष्यकारांनी हसत फोन ठेवला. बायको मात्र वकीलसाहेबांच्या मनगटाला टेप लावून उभी होती. "याला मोठे कफ जोडता येतील. याच रंगाचं जाड कापड हवं." मग तिने मान वळवली. "अहो, तुमचा कोटही तपकिरीच ना?"

"अगं, तो माझा एकुलता एक..."

"आणा."

भाष्यकार जिना चढू लागले. मागून वकीलसाहेब म्हणाले, "सावकाश आणा, घाई नाही. थंडी फक्त मनगटांनाच वाजतेय."