थेंब एकसारखा बसेना

प्रयोगशाळेत रीडिंग कमी आणि किस्से जास्त जमतात, हे मला तंजावूरला पीएच.डी. करताना कळलं. रीडिंग पुन्हा घेता येतं. किस्सा एकदाच घडतो, आणि तोही नेमका फेलोशिप संपत आलेली असताना!

काम ऐकायला सोपं. काचेवर सेल्युलोजची पातळ फिल्म चढवायची, तिच्यावर पाण्याचा थेंब पसरतो की फुगून बसतो ते मोजायचं, मग प्रोटीन किती चिकटतं ते पाहायचं. पण सोमवारी थेंब पसरे, मंगळवारी फुगे. मला जेवण जाईना. मार्चपर्यंत आकडे जुळले नाहीत तर चार वर्षं फुकट आणि मी परत साताऱ्याला, थेट बोहल्यावर.

*

आमचे गाइड रावसर राजवाड्यामागच्या गल्लीतले, घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि कडक सोवळं. एकदा आठवडाभर सगळे थेंब टुमटुमीत उभे राहिले. सर हरखले. "अगे, हें नवेंच मटेरियल दिसतें!" पेपर लिहायलाही घेतला. मग माझ्या लक्षात आलं, विचार करताना सर डोक्यावरून हात फिरवतात आणि त्याच हाताने काच उचलतात. डोक्यावर खोबरेल! गाइडला हे सांगायचं कसं? दोन दिवस धाकधुकीत काढून म्हटलं, "सर, थेंबांना तुमचं तेल मानवलंय."

सरांनी पेपर फाडला. तेल सोडलं नाही, काच उचलणं सोडलं.

*

बाजार खुला झाला, परदेशी माल आता सहज मिळणार, असं वर्तमानपत्रात रोज यायचं. आमची प्रोटीनची बाटली मात्र दोन महिने वाटेतच. सर म्हणाले, "अंड्याचें पांढरें वापर. पण इथें घेऊं नको, सगळे ओळखतात." मी शेजारच्या गावी, ओरत्तनाडूला जाऊन, मांडीवर डबा धरून बसने अंडी आणली. सरांनी दाराबाहेरूनच विचारलं, "प्रोटीन आलें?"

*

फिल्म वाळवायच्या खोलीत दमटपणा कुठून येतो ते महिनाभर कळेना. एके दुपारी दार उघडलं तर आमच्या अटेंडंट राधाबाईंच्या दोन साड्या दोरीवर.

"इथें लवकर वाळतें," त्या म्हणाल्या.

*

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, राधाबाईंनी तराजूला, मायक्रोस्कोपला, सगळ्यांना गंधकुंकू लावलं. माझ्या शेवटच्या बारा काचांच्या कोपऱ्यांनाही! त्याच दिवशी त्यांच्यावर प्रोटीन सोडायचं होतं. "आज कशाला हात लावायचा नाहीं. तीं पण बसूं दे," म्हणत त्यांनी काचा कपाटात ठेवून कुलूप घातलं. मी जिन्यात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी भीत भीत प्रोटीन सोडलं. बाराही काचांवर सारखंच चिकटलं.

व्हायव्हाला मद्रासहून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "आधीचे आकडे सैरभैर, आणि हे बारा सारखे. नमुन्यांवर आधी काय केलंत?"

खोटं बोलले तर पकडली जाणार, खरं बोलले तर हसं होणार. रावसर हळूच मराठीत म्हणाले, "जें झालें तें सांग."

"सर, पूजा केली."

परीक्षक हसले नाहीत. पेनाचं टोपण काढून त्यांनी विचारलं, "पूजेला किती तास बसवलेत नमुने?"