चार उसांचा ताण

बाहुबली चौगुल्यांना मंगळवार पेठेत सगळे 'काटेकोर अण्णा' म्हणत, आणि अण्णांना ते फार आवडे. मोटरीचा वेग आणि ताण सांभाळणारी पेटी, म्हणजे ड्राइव्ह, बसवणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. बाकीचे लोक खबरदारी म्हणून एक माप मोठा ड्राइव्ह बसवत. अण्णा त्यांना हसत. "हिशोब येत न्हाय, म्हणून भ्यात्यात," म्हणत.

शिरोळकडं अमरसिंहांचं गुऱ्हाळ. तिथल्या ऊस पिळायच्या चरकाला अण्णांनी मोटरीला जेमतेम पुरेल असाच ड्राइव्ह बसवला. चाचणीला स्वतः एकेक ऊस घातला. काय झकास फिरला चरक! रोज ऊस घालणारी शालूबाई शेजारीच उभी होती. तिला काही विचारावं, हे अण्णांच्या डोक्यातही आलं नाही.

चौथ्या दिवशी रस आटवायच्या काहिलीखाली जाळ पेटलेला आणि रस कमी पडलेला. अशा घाईत चार-चार ऊस एकदम घालतात, गुऱ्हाळाची रीतच आहे ती. शालूबाईनं घातले आणि ड्राइव्ह बंद पडला. चालू केला की पुन्हा बंद. काहील करपली. अण्णा धावत आले. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. अण्णांनी शालूबाईकडं बोट केलं.

"ह्या बाईनं ऊस कोंबला की!"

अमरसिंहांनी तिला चरकावरून काढलं आणि उन्हात चिपाडं पसरायला धाडलं.

घरी अण्णांनी वही उघडली. खरं तर उघडायची गरजच नव्हती. आधी मोठं माप लिहून मग त्यांनीच ते खोडलं होतं, निव्वळ तोऱ्यापायी. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी लाज वाटूनही तोंड उघडायला आठ दिवस लागले, याचीही लाज वाटली.

शेवटी मोठा ड्राइव्ह घेऊन गेले, बसवला, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माजी हुती. शालूबाईंची न्हाय."

अमरसिंहांनी तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत चरकापाशी आली.

"अण्णा, एक इचारू? माज्याकडं बोट दावलंसा, तवा तुमास्नी ठावं हुतं?"

अण्णा खाली बघून म्हणाले, "व्हय."

"मला वाटलं, चुकून दावलंसा," ती म्हणाली, आणि चार ऊस उचलून चरकात घातले. ड्राइव्ह बंद पडला नाही, आणि अण्णांना मान वर करवेना.