हां म्हटलं की मिटतं

माझी नोकरीची उमेदीची वर्षं सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत गेली. पावरी बोली मी तिथल्या पोरांकडूनच शिकले, आणि आधी शिव्या शिकले, हे कशाला लपवू! त्या पोरांच्या एका गोष्टीनं मात्र माझं डोकं फिरायचं. पाण्याचा माठ फुटायचा, मी "कोणी फोडला?" म्हणून वर्ग डोक्यावर घ्यायची, आणि थोड्या वेळानं कुणीतरी उभं राहून म्हणायचं, "हां, मी." मागाहून कळायचं की तो पठ्ठ्या तेव्हा ओढ्यावर कपडे धूत होता.

"मग हां कशाला म्हणालास रे?"

"तुम्ही थांबतच नव्हत्या, बाई."

पुढे त्यांच्या गावांत जाणं-येणं वाढलं तेव्हा हे कुठून येतं ते समजलं. तिकडे भांडण असो, चोरी असो, झाडाखाली पंच बसतात. ज्याच्यावर आळ आहे तो हां म्हणाला की पंच काय ते ठरवतात, मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात, दोन्हीकडचे एकत्र बसून पितात आणि झगडा तुटतो. मग तो पुन्हा कुणी काढायचा नाही. नाही-नाही करत बसणारा माणूस तिकडे कोडगा ठरतो. मला हा रिवाज आवडायचा. आमच्या सपाटीवर भाऊबंदकीचे दावे आजोबापासून नातवापर्यंत चालतात, त्यापेक्षा हे बरं.

त्याच शाळेतला माझा एक विद्यार्थी विहिरींना सुरुंग लावणाऱ्या टोळीत कामाला होता. नववीत शाळा सोडलेला, अबोल, हाताचा स्वच्छ. एका बाजाराच्या दिवशी मुकादमानं दिलेली पिशवी घेऊन तो तळोद्याला आला. डोंगरात जाणाऱ्या जीपगाड्या लागतात तिथं पिशवी ठेवली आणि मीठ घ्यायला गेला. कुणीतरी पिशवी उघडून पाहिली. आत जिलेटिनच्या कांड्या आणि वायर. त्याच आठवड्यात लांबच्या एका शहरात स्फोट झाला होता, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. पोरगा मीठ घेऊन परतला तो थेट पोलिसांच्या हातात. मुकादम गुजरातेतला. त्याचा फोन जो बंद झाला तो बंदच.

ठाण्यात त्याला मारताहेत हे कळल्यापासून घरी मी तणतणत होते. नवरा पपईच्या बागेतून येऊन हातपाय धूत होता. तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "एक जन मार खाई आन् शंभर जन वाचतीन, तं त्यामा काय वाईट शे?"

"अन् त्यानं काही केलंच नसेल तर?"

"ते मार खावावरच कळी ना!"

माझा नवरा दुष्ट नाही. मुंगीला साखर घालणारा माणूस आहे. आमची लेक रोज बसनं कॉलेजला जाते. तिच्या बसमध्ये अशी पिशवी असती तर, असं तो म्हणाला.  खरं सांगते, त्याचं उत्तर मला आजही पुरतं सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पोराचा बाप डोंगरातून उतरून माझ्या दारात आला. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, म्हणून मी ठाण्यावर बरोबर गेले.

ठाण्यातले साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, चहा मागवला. "मॅडम, मी मारकुटा माणूस नाही," ते म्हणाले. "पण बाकीच्या पिशव्या कुठे आहेत, ते याला माहीत असेल आणि मी हात बांधून बसलो, तर उद्या मेलेल्यांच्या घरी तुम्ही जाणार का? बापाला सांगा, पोराला समजव. बोलला तर आम्हालाही हात लावावा लागणार नाही."

पोराला आणलं. त्याला उकिडवं बसता येईना. तळपाय सुजून काळेनिळे झालेले. विहिरीच्या कामाचं सामान आहे, हेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बापानं त्याच्या पायाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि पावरीत म्हणाला, "कशाला नाही-नाही करतोस? मोठा माणूस आहे, तुला बोलावून विचारतोय. विचारेल त्याला हां म्हण. मग पंच बसतील, मिटेल."

मी मध्ये पडले. म्हटलं, बाबा, इथं पंच नसतात, इथं हां म्हटलं की मिटत नाही, सुरू होतं. म्हातारा माझ्यावरच उखडला. "बाई, तुम्ही सपाटीच्या. तुमचे झगडे तुटत नाहीत, ते यामुळेच." त्यांच्या रिवाजाचं मी कधीतरी केलेलं कौतुक त्यानं माझ्याच तोंडावर मारलं. मी साहेबांना सगळा रिवाज समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली. "असं असतं का," म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी म्हातारा पोरासाठी भाकरी घेऊन गेला, तो परत आलाच नाही. मी ठाण्यावर धावले. साहेबांचा चेहरा उजळला होता. "मॅडम, पोरगा घडाघडा बोलला. टोळी होती, हां. शहरातल्या लोकांशी बोलणं होतं, हां. बापाला माहीत होतं? हां. बापानंच सामान दडवून ठेवलं? तेही हां." आणि म्हातारा? त्यालाही विचारलं होतं. तोही हां म्हणाला होता. पोरानं कबूल केल्यावर बापानं नाही म्हणायचं, ही त्याच्या लेखी लाज होती.

माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "त्याला माझ्यासमोर आणा. आणि विचारा, हे सामान बाईंनी दिलं का?"

साहेब हसले, पण त्यांनी आणलं. विचारलं. पोरानं माझ्याकडे पाहिलं. त्याला काय करावं ते कळेना, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या हाताखाली तो पाच वर्षं शिकला होता. मग मान खाली घालून तो म्हणाला, "हां."

"पाहिलंत?" मी म्हणाले. "आता मलाही आत टाका."

"काय मॅडम, थट्टा करता!" साहेब म्हणाले. "तुम्हाला आम्ही ओळखत नाही का?" आणि चहा मागवला.

त्या चहाची मला आजही शिसारी येते. तेच तोंड, तोच मार, तेच उत्तर. बापाच्या वेळी ती कबुली झाली आणि माझ्या वेळी थट्टा. मग ते मारून नेमकं काय शोधत होते? खरं शोधत असते तर मला अडकवायला हवं होतं, नाहीतर त्या दोघांना सोडायला. मी हे तसंच्या तसं बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं, आणि शिपायाला मला रिक्षापर्यंत सोडायला सांगितलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.  तो म्हणाला, "तू उगी ऱ्हाय आते. आपली पोर शे." 

दोघांना मोठ्या शहरातल्या तुरुंगात नेलं. वकील केला, अर्ज केले, तारखा पडतात. पोरगा आता कुणाशीच बोलत नाही, मी गेले तरी भेटायला बाहेर येत नाही. बाप येतो. पार वाळलाय, पण अजून तक्रार करत नाही. परवा जाळीला तोंड लावून त्यानं हळूच विचारलं, "बाई, पोरगा हां म्हणाला, मीही हां म्हणालो. आता पंच कधी बसतील?"

मी काहीतरी बोलायला गेले. तो ऐकेना, पुन्हा तेच विचारू लागला. "बसतील ना, बाई? बसतील ना?" त्याच्यामागे शिपाई वेळ संपली म्हणून ओरडत होता.

मी म्हटलं, "हां."