सत्यभामाबाईंची टोळी

माझ्या सासूबाई, सत्यभामाबाई, एकोडीत धानाच्या रोवणीची टोळी चालवतात. चौदा बाया, वीस वर्षं. तोंड तिखट, पण त्यांच्या हाताखाली लावलेली धानाची बांधी बघत राहावी. यंदा माझ्या नवऱ्याला, प्रविणला, हौस सुचली. त्यानं लाखनीहून टोळीचा फ्लेक्स छापून आणला आणि चौकात लावला. वर ‘सत्यभामाबाईंची टोळी’, खाली एकट्या सासूबाईंचा फोटो. पहिल्या दिवसापासून टोळीत असलेल्या ताराबाईनं तो दोनदा वाचला आणि ‘बरा हाये’ म्हणाली.

चार दिवसांनी ताराबाई सहा जणींना घेऊन घरी बसली. विचारलं तर कंबर दुखते म्हणे. सातही जणींची कंबर एकाच दिवशी कशी दुखते, देव जाणे. इकडे गावातल्या शेतकऱ्याच्या, भोजराजच्या, बांधीत परे उपटून, जुड्या बांधून पडलेले. उपटलेलं रोप किती दिवस तग धरणार? उरलेल्या आम्ही सात जणी, आणि बांधी चौदा जणींची. सासूबाईंचा राग भांड्यांवर निघत होता आणि भांडी मला घासायची होती.

त्यात माझी नववीतली उर्वशी. घरात आग लागली तरी हिच्या मोबाइलवर सुपरहिरोंचे सिनेमे. एकात सहा जण, दुसऱ्यात नऊ. कोणती टोळी भारी यावर मैत्रिणीशी, रीनाशी, तासभर फोनवर वाद. त्या रात्री जेवतानाही तेच.

“नऊवाल्यात मजा नाही. एकटाच सारं करून टाकते, बाकीचे मांगं उभे. सहावाला भारी हाये.”

सासूबाई वैतागल्या. “काय भारी? अर्धा सिनेमा आपसातच भांडतेत मेले. जग बुडून रायलं अन् यायचं रुसनं सुरू. माह्या टोळीत असते तं धुऱ्यावरूनच हाकललं असतं.”

मी भात वाढत होते. मान वर केली नाही.

“आजी, तेच तं पाहाले पोट्टे बसतेत,” उर्वशी म्हणाली. “कोनी उडते, कोनी बान मारते, कोनी नुसतं डोकं चालवते. पन पोस्टरवर सारे असतेत. एकट्याचाच फोटो लावला तं बाकीचे कायले लढतीन?”

 सासूबाईंनी ताट सरकवलं आणि माझ्यावरच खेकसल्या, “तुले समजलं नाही काहून?” जसा काही फ्लेक्स मीच छापला होता.

सकाळी विळा घेऊन त्या चौकात गेल्या आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. गुंडाळी काखेत मारून ताराबाईच्या दारात उभ्या राहिल्या. मी मागे होतेच. माफी वगैरे त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

“तारा, उन्हानं परे सुकून रायले. हा फ्लेक्स झाकाले होईन. पयली ओळ आज तुही.”

ताराबाईनं गुंडाळी उलगडून पाहिली. “फोटो वरतं ठेवू का खालतं?”

“खालतं.”

ताराबाईची कंबर तिथंच बरी झाली. बाकीच्या सहा जणींचीही.

दिवस मावळायच्या आत बांधी हिरवी झाली. भोजराज बांधीच्या कडेला धुऱ्यावर आला. खूश होता. “सत्यभामाबाई, तुमच्या टोळीनं लाज राखली.”

“चौदा जनी हाओत,” सासूबाई चिखलातूनच म्हणाल्या. “नावं घेऊन बोला.”

बिचारा सुरू झाला. सत्यभामाबाई, ताराबाई, ललिताबाई, रेणू. तिथं अडकला आणि डोकं खाजवू लागला. वीस वर्षं याची रोवणी आम्ही करतो, त्यातली बारा मी. रेणूच्या शेजारी, त्याच्या अगदी समोर, मीच उभी होते.