पिंटू, वय वर्षे पाच

मी सत्तावन्न वर्षांचा आहे आणि हॉटेलात गेलो की लहान मुलांच्या मेनूतलं जेवतो.

यात हसण्यासारखं काही नाही. (हसा, हसा. सगळेच हसतात.) कारण अगदी सरळ आहे. आमच्या घरात पानात टाकायची पद्धत नाही. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ताटाच्या कडेला चिकटलेलं शीतसुद्धा बोटाने दाखवायचे आणि ते माझ्या पोटात जाईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. अण्णा गेले, पण ते बोट अजून माझ्या ताटासमोर आहे. आता हॉटेलवाले एका माणसाच्या नावाखाली वाढतात तीन माणसांचं. त्यात आमचं नाशिक! काळ्या मसाल्याचा जाळ झाल्याशिवाय इथे कुणाला जेवल्यासारखं वाटत नाही, आणि माझ्या पोटात तर ॲसिडिटी कायमची वस्तीला आलेली. म्हणजे खाववत नाही आणि टाकवत नाही!

या पेचातून मला सोडवलं ते गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलाने. त्यांच्या मेनूच्या शेवटच्या पानावर 'बच्चे कंपनी थाळी' होती. इवल्याशा दोन पुऱ्या, बटाट्याची बिनतिखट भाजी, वरण-भात, हसऱ्या चेहऱ्याचे चार तळलेले बटाटे आणि शेवटी आइस्क्रीमचा एक गोळा. शिवाय ताटाखाली चित्राचा कागद आणि चार रंगीत खडू, जेवण येईपर्यंत हत्ती रंगवायला. (माझा हत्ती नेहमी रेषेबाहेर जातो. आमच्या सौ., सुनंदाबाई, शेजारून म्हणतात, "अहो, निदान सोंड तरी नीट रंगवा!") थाळी दहा वर्षांखालच्या मुलांसाठीच होती, पण तिथला जुना कॅप्टन ओळखीचा. मला बघितलं की काही न विचारता खडू आणून ठेवायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या सायलीचं लग्न ठरायची वेळ आली.

सायली आमची एकुलती एक मुलगी. तिने आणि तिच्याच ऑफिसातल्या रोहनने आपसात सगळं ठरवून टाकलं होतं. रोहनचे वडील भाऊसाहेब पिंपळगाव बसवंतचे मोठे द्राक्षबागायतदार. आता फक्त दोन्हीकडच्या मोठ्यांनी एकमेकांना बघायचं बाकी होतं. रविवारी दुपारी जेवायला भेटायचं ठरलं आणि भाऊसाहेबांनी हॉटेल निवडलं ते नेमकं माझं!

गाडीत सायलीने मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, आज मोठ्या माणसांसारखं जेवायचं."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे हत्ती नाही. हसरे बटाटे नाहीत. रोहनच्या पप्पांना मिळमिळीत खाणारा माणूस आवडत नाही. पाहुण्याने परत रस्सा मागितला नाही तर त्यांना तो घराचा अपमान वाटतो."

"अगं पण माझं पोट..."

"बाबा, मला त्याच घरात जायचंय. एक दिवस. माझ्यासाठी."

तिचा आवाज शेवटी जरा ओला झाला. मी तिथल्या तिथे विरघळलो. म्हटलं, आज रश्श्यात उडीच मारायची! आणि अगदी मनापासून वचन दिलं.

भाऊसाहेब म्हणजे सहा फूट उंची, पांढराशुभ्र शर्ट, भरघोस मिशा आणि ट्रॅक्टर चालू असतानाही ऐकू जाईल असा आवाज. शेजारी त्यांच्या सौभाग्यवती इंदूताई, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर माया, आणि पलीकडे रोहन. आम्ही टेकतो न टेकतो तोच भाऊसाहेबांनी मेनू बाजूला सारला.

"सगळ्यांना काळ्या रश्श्याची थाळी! आन् रस्सा कसा पायजे, ठसका लागला पायजे! काय पाव्हणं, तिखट चालतं ना?"

"चालतं? अहो, पळतं!" मी म्हणालो.

(हे मला कुणी बोलायला सांगितलं होतं?)

शेजारच्या टेबलावर तोच रस्सा खाऊन एक धडधाकट गृहस्थ डोळे पुसत होते. ते बघून माझा धीरच सुटला. 'हात धुऊन आलो' म्हणत मी उठलो आणि कॅप्टनला गाठलं. कॅप्टन नवा होता! कोवळा, नम्र आणि कामाचा भयंकर उत्साह असलेला. मी त्याला हळूच सांगितलं, "एक थाळी कमी करा आणि त्याऐवजी एक बच्चे कंपनी. पण मोठ्या ताटात आणा. आणि कडेला एक वाटी रस्सा, नुसता दिसायला."

"बाळ कुठंय सर?"

आता खरं सांगायला काय झालं होतं? पण लाज वाटली हो. समोर एवढासा पोरगा गंभीरपणे विचारतोय, त्याला काय सांगायचं?

"येतंय," मी म्हणालो.

"वय?"

"पाच."

"नाव सांगा सर, आम्ही ताटात सॉसने नाव लिहितो. मुलं खूश होतात."

घाईत डोक्यात एकच नाव आलं. लहानपणी आई मला ज्या नावाने हाक मारायची ते. "पिंटू," मी म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो.

दोनच मिनिटांत कॅप्टन लहान मुलांची उंच खुर्ची घेऊन आला आणि ती माझ्या नि इंदूताईंच्या मध्ये ठेवली. खुर्चीला फुगा बांधला. समोर हत्तीचा कागद आणि खडू मांडले. बदकाचं चित्र असलेलं लाळेरंसुद्धा घडी घालून ठेवलं.

"हे कुणासाठी?" इंदूताईंनी विचारलं.

"हॉटेलची पद्धत असेल," मी म्हणालो.

मग थाळ्या आल्या. सर्वांच्या काळ्या, आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर एक पिवळी. (मोठ्या ताटाचं आणि एक थाळी कमी करायचं तो विसरला होता. नाव मात्र विसरला नव्हता.) लाल सॉसने ठळक लिहिलं होतं, 'पिंटू'. कॅप्टन वाकून म्हणाला, "सर, पिंटूला बोलवा ना, गार होईल."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. पिंटू कोण हे तिला चांगलंच माहीत होतं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं. सायलीने डोळे मिटून घेतले.

"पिंटू कोन?" इंदूताईंनी हातातला घास खाली ठेवला.

"आहे... आमच्यातलाच... लांबचा," मी म्हणालो.

"पाच वर्षांचा," कॅप्टनने मदत केली.

"पाच वर्षांचा? आन् आमाला तर एकच मुलगी सांगितलीवती!"

रोहन सायलीकडे वळला. "तुला भाऊ आहे?"

"नाही!"

"मग हा कोण?"

इथे मी तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर गोष्ट त्या टेबलावरच संपली असती. पण कॅप्टनने काळजीने विचारलं, "सर, मघाशी 'येतंय' म्हणालात, म्हणजे पिंटू गाडीतून तुमच्याबरोबर आला होता का?" आणि मी म्हणालो, "होता."

भाऊसाहेब खुर्ची मागे ढकलून ताडकन उभे राहिले.

"अवो, लेकरू हरवलंय आन् तुमी भाकरी काय कुस्करताय! उठा!"

त्यानंतर जे झालं त्यात माझा काही हात नव्हता. (पायही नव्हते. ते टेबलाखालीच होते.) भाऊसाहेब धावत पार्किंगच्या फाटकात जाऊन आडवे उभे राहिले. "एक बी गाडी बाहेर जाणार नाय! डिक्क्या उघडा!" रोहन जिन्याकडे पळाला. आचारी मुदपाकखान्यातली पातेली उचलून बघायला लागले. काउंटरवरच्या बाईंनी माइक हातात घेतला आणि मला विचारलं, "अंगात काय होतं त्याच्या?"

मी खाली बघितलं आणि जे दिसलं ते सांगितलं. "चौकड्यांचा शर्ट. तपकिरी पँट. चामड्याचा पट्टा."

"पाच वर्षांच्या मुलाला चामड्याचा पट्टा?"

"हट्टी आहे," मी म्हणालो.

घोषणा झाली आणि साक्षीदार पुढे यायला लागले! एक बाई म्हणाल्या, "पाहिला मी! फुगा होता हातात, लिफ्टकडे गेला." दुसऱ्या म्हणाल्या, "रडत होता बिचारा, बाबा ओरडले म्हणत होता." एक आजोबा म्हणाले, "गोरा आहे ना? कुरळे केस?" मी मान हलवली. खरं सांगतो, पाच मिनिटांनी मलाच पिंटूची काळजी वाटायला लागली. इतकं गोड पोर, एकटं कुठं भटकत असेल!

तेवढ्यात इंदूताईंनी रडत रडत सुनंदाचा हात धरला. "ताई, का लपवलं, ते मी नाय इचारत. संसारात हजार गोष्टी असत्यात. पन लेकरू सापडू द्या. सायलीसंगं त्याला बी आमच्या घरचंच समजू." सुनंदाने पदर तोंडाला लावला. (लोकांना वाटलं, रडतेय. मला माहीत होतं, ती हसू दाबत होती. ते जास्त भीतीदायक होतं.)

बाहेरून भाऊसाहेबांचा आवाज आला. ते फोनवर होते. "पिकअप काढ. बागेतली धा-बारा मानसं भर आन् नाशकाला ये, लगेच! मी तवर पोलिसांना फोन लावतो."

पोलीस!

सायली माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक. "बाबा, आजी तुम्हाला पिंटू म्हणायची ना?"

"हो."

"मग सांगा."

"अगं, मोडेल सगळं! तुला त्याच घरात..."

"आणि खोटं बोलून गेले तर काय तोंडाने राहू तिथे? सांगा, बाबा."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एका थाळीपायी मी माझ्या पोरीचं मन मोडायला निघालो होतो, आणि तेही चार हसऱ्या बटाट्यांसाठी! इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. मी काउंटरवर गेलो, बाईंच्या हातातून माइक घेतला आणि घसा खाकरला.

"पिंटू सापडला आहे," मी म्हणालो. "पिंटू मीच आहे. मला तिखट सोसत नाही. थाळी माझ्यासाठी होती. माझ्या मुलीचा यात काही दोष नाही. क्षमा असावी."

सगळं हॉटेल माझ्याकडे वळलं. मघाच्या लिफ्टवाल्या बाई म्हणाल्या, "पण मी तर पाहिला होता!"

भाऊसाहेब फाटकातून आत आले. सावकाश चालत टेबलाशी गेले. ती पिवळी थाळी उचलून डोळ्यांजवळ धरली. बटाटे त्यांच्याकडे बघून हसत होते. भाऊसाहेब मात्र हसत नव्हते. सायलीने रोहनचा हात घट्ट धरला होता.

"ह्ये," भाऊसाहेबांनी विचारलं, "तिखट नाय?"

"नाही."

"इतकुसं बी नाय?"

"अजिबात नाही. वर आइस्क्रीमचा गोळा येतो."

भाऊसाहेब मटकन खाली बसले. "दोन वर्सं झाली," ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले. "डॉक्टरनं तिखट बंद केलंय. पोटात जखम हाय. पन पाव्हण्यांम्होरं मिळमिळीत कसं खायाचं? लोक काय म्हनतील, पिंपळगावचा बागायतदार आन् वरण-भात!"

"रस्सा खायच्या आधी एक गोळी खात्यात आन् खाऊन झाल्यावर दोन," इंदूताई डोळे पुसत म्हणाल्या. "लय सांगितलं. आयकतील तर शपथ!"

भाऊसाहेबांनी एक हसरा बटाटा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावला. मग कॅप्टनला हाक मारली. "अजून एक आना असलीच."

कॅप्टन कर्तव्याला पक्का. "सॉरी सर, दहा वर्षांखालचं मूल लागतं."

"ह्ये काय बसलंय समोर!" इंदूताईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "लिवा. नाव भाऊ. वय पाच!"

कॅप्टनने लिहिलं. आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून एकेक थाळी चाटूनपुसून संपवली आणि आइस्क्रीम खाता खाता लग्नाचा महिना ठरवून टाकला. पिकअपमधून आलेल्या बारा माणसांनी काळ्या रश्श्याच्या उरलेल्या थाळ्यांचा फडशा पाडला, त्यामुळे पानात टाकण्याचाही प्रश्न आला नाही. सायली हसत होती आणि मधूनच रडत होती, आणि मला दटावायचं विसरली होती.

मला वाटलं, प्रकरण तिथे मिटलं. पण लग्नपत्रिका छापायचं काम भाऊसाहेबांनी अंगावर घेतलं होतं. पत्रिकेत सगळ्यांत खाली घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावाने एक ओळ असते ना? तिथे छापलं होतं, 'आमच्या सायलीताईच्या आणि रोहनदादाच्या लग्नाला यायचं हं! – चि. पिंटू आणि चि. भाऊ'.

दीड हजार घरांत ती पत्रिका गेली. सायखेड्याची माझी आत्या फोनवर पाच मिनिटं नुसतं हवापाण्याचं बोलत होती. मग म्हणाली, "या वयात? सुनंदाची तब्येत बरी आहे ना?" लग्नात आहेर घेऊन आलेला निम्मा गाव आधी पिंटूला शोधत होता. त्याच्यासाठी तीन झबली आली, एक तीनचाकी सायकल आली आणि खडूंच्या पेटीसकट एक चित्रांचं पुस्तक आलं.

झबली आणि सायकल मी वाटून टाकली. पुस्तक मात्र रागाने कपाटात ठेवलं आहे. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा हा असा अपमान! आजतागायत त्यातलं एकही पान मी रंगवलेलं नाही.

(हत्ती सोडून. या वेळी सोंड रेषेच्या आत आहे.)