अर्धं मंजूर करता येत नाही

सोमवारी सकाळी हे गेले. दूध आलं होतं. पेपर आला होता. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

मग सावेडीतल्या आमच्या घरात शांतता झाली. मी पुस्तकांतली बाई, शांतता मला आवडते. पण ती फाटकाचा आवाज होईपर्यंतची. हे पोस्टातून घरी येत आणि पायातल्या चपला काढता काढता सांगत, की आज माझ्या नावावर कुणाला काय कबूल केलंय.

मी कॉलेजात व्यापारी कायदा शिकवत असे. त्यातलं एजंट आणि मालक हे प्रकरण मला फार सोपं जाई, कारण उदाहरण घरातच होतं. सोसायटीच्या गणपतीत "निबंध आमची ही तपासेल." शेजारणीला "अनारसे ना? आमची ही देईल करून." वर्गात मी सांगायची, "आपल्याला न विचारता कुणी आपल्या नावानं व्यवहार केला, तर दोन वाटा असतात. नाकारा, नाहीतर मागाहून मंजूर करा. मंजुरी तोंडानंच द्यावी लागते असं नाही, ती वागण्यातूनही होते."

मागच्या बाकावरून विचारणा होई, "मग मॅडम, अनारशांचं काय झालं?"

"मंजूर केले. विकत आणून दिले."

वर्ग हसायचा. त्या हसणाऱ्यांत पारनेरकडची एक मुलगी होती. ती होस्टेलवर राहायची. तिची आई दर आठवड्याला भाकरी-चटणी घेऊन यायची आणि परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत आमच्या ओट्यावर बसायची. त्या आईला भाऊ नव्हता. ते कळताच ह्यांनी तिथल्या तिथे स्वतःला भाऊ नेमून टाकलं. तेव्हापासून ती भाऊबीजेला येऊन ओवाळायची आणि मला वैनी म्हणायची. एकदा ओवाळता ओवाळता म्हणाली, "दादा, पोरीच्या लग्नात तिच्या मागं मामा म्हनून कोन हुबा करू? लई घोर हाय बघा."

"मी आहे की. आणि मी नसलो तर ही उभी राहील."

मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. ऐकलं, आणि पुढची पुरी कढईत सोडली.

हे गेल्यानंतर काही महिन्यांनी मायलेकी पत्रिका घेऊन आल्या. आई ह्यांच्या फोटोसमोर बसून रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "वैनी, आता तुमी मामा."

"अहो, अजून वर्ष व्हायचंय. त्यात मी अशी. लोक नावं ठेवतील."

"ठिवू द्या. नावं ठिवनारेबी जेवूनच जात्यात."

"भावकीतलं कुणी बघा ना."

"भावकीत चुलते हायेत, मामा न्हाई. का भाड्यानं आनू? बँडवाल्याकडं इचारते, त्याच्याकडं हाय का एखादा."

मी कायद्याचा आधार घेतला. म्हणाले, "एजंट गेला की त्याचं काम तिथंच संपतं."

मुलगी इतका वेळ कपातल्या चहाकडे बघत होती. ती म्हणाली, "सरांचं काम संपलं, मॅडम. पण शब्द तुमच्या नावानं दिलाय. मालक आहे की."

मी नमतं घेतलं. "बरं, येते लग्नाला. मागं खुर्चीवर बसेन, अक्षता टाकेन."

"अर्धं मंजूर करता येत नाही. एक भाग मंजूर केला की सगळा व्यवहार मंजूर. परीक्षेला होता हा प्रश्न."

"मार्क किती पडले होते?"

"पैकीच्या पैकी. तुम्हीच दिले होते."

आई दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. "म्हंजी व्हय का न्हाई?"

मी मान हलवली.

"मंग फेटा बांधावा लागंल. दादांला सांगितलं हुतं, ते व्हय म्हनले हुते."

मंजुरी देण्याआधी मालकाला सगळी हकिकत माहीत हवी, हा नियम मला तेव्हा आठवला. मुलीलाही तो नक्की आठवला असणार. तिनं शांतपणे चहा संपवला.

लग्न पारनेरजवळच्या एका कार्यालयात होतं. माइकवाला ओरडत होता, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मुलीचा दंड धरून मी दारात आले. पिकल्या केसांवर गुलाबी फेटा. मला बघून माइकवाल्याचा आवाज अडखळला. "मामांनी... मामींनी... जे कुणी असेल त्यांनी लवकर यावं, मुहूर्त चाललाय!" मंडप हसला. मुलीचे खांदेही हलत होते. रडते की काय म्हणून मी वाकून पाहिलं, तर तीही हसत होती.

मंगलाष्टका संपेपर्यंत मी तिच्या मागे उभी होते. लोक बघत होते. अक्षताही टाकत होते, त्यांतल्या बऱ्याच माझ्या फेट्यात पडल्या.

टाळ्या वाजल्या, आणि मुलाकडची एक म्हातारी तडक माझ्याकडे चालत आली. ज्याची इतके दिवस भीती होती ते आता ऐकावं लागणार, म्हणून मी खाली बघत राहिले.

"फेटा कोनी बांधला गं?" तिनं विचारलं. "ढिला हाय." आणि दोन्ही हातांनी ओढून तो घट्ट करून दिला. मग हाताला धरून मला मानाच्या पंगतीला नेऊन बसवलं.

आता घरात मी एकटी असते. अनारसे अजून जमत नाहीत. फेटा ह्यांच्या खुंटीवर आहे. भाऊबीजेला मुलीची आई पारनेरहून येते आणि मला ओवाळते.