सूर्यमाळला मांडलेली दोन पानं

आमच्या गल्लीतलं तिबेटी हॉटेल लोसारसाठी, म्हणजे त्यांच्या नववर्षासाठी, आठवडाभर बंद राहणार होतं, म्हणून मी सूर्यमाळला गेले. कारण हास्यास्पद आहे, मान्य. पण यजमान गेल्यावर मी नाशिकला राहायला आले, तेव्हापासून संध्याकाळी माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे तिथल्या मालकीणबाई, पेमाताई. मी खुर्ची ओढेपर्यंत त्या आत ओरडतात, "दोन थुक्पा, एक पार्सल." नूडल्सच्या त्या गरम सूपचा दुसरा वाडगा माझं दुसऱ्या दिवशीचं दुपारचं जेवण. खरं सांगायचं तर 'एकच' म्हणायला जीभ रेटत नाही.

आत पडद्यामागे रांधते ती सविता, सूर्यमाळची. वर्षभरात मी तिला पाहिलेलंही नव्हतं. सुट्टीवर जाताना तिने पेमाताईंकडे निरोप ठेवला, "दोन थुक्पावाल्यांना म्हणावं, आमच्याकडं या." एवढ्यावर मी निघाले. एकटं माणूस कशालाही हो म्हणतं.

नाशिकहून जव्हारची एसटी घ्या, बायकांना अर्धं तिकीट. त्र्यंबकनंतर घाट लागतो. मोखाड्याला उतरून खोडाळ्याची जीप मिळते, पण भरल्याशिवाय ती हलत नाही.

"कोणाकडं?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"सविताकडे."

"मोमोवाली का?" अख्खी जीप माझ्याकडे वळून हसली.

खोडाळ्याहून दुसरी जीप वर सूर्यमाळला चढते. पिण्याचं पाणी बरोबर न्याच. तिथे बायका हंडे घेऊन विहिरीवर ताटकळत असतात, त्यांच्याकडे पाणी मागवत नाही.

सविता रस्त्यावर उभी होती. तिने माझ्यामागे जीपमध्ये वाकून पाहिलं. "साहेब नाय आले?"

घरात दोन पानं मांडलेली होती. नागलीची भाकरी, उडदाची आमटी. दुसऱ्या पानाशी आमटीची वेगळी वाटी.

"ही बिनतिखटाची," सविता म्हणाली. "पार्सलमधे पण मी मिरची घालत नाय. हाटेलात येत नायत म्हंजे आजारी असतील, म्हटलं. इथली हवा चांगली, म्हणून दोघांना बोलावलं."

वर्षभर मी समजत होते, शिळा थुक्पा बेचव होतो.

"ते नाहीत गं," मी म्हटलं. "मी नाशिकला यायच्या आधीच गेले. दोन्ही वाडगे मीच खाते."

सविताची आई चुलीजवळून उठली, दुसऱ्या पानावर बसली आणि ती बिनतिखटाची आमटी भाकरीवर ओतून माझ्याबरोबर जेवली. परतीची जीप लवकर जाते, आल्याआल्याच विचारून ठेवा.

हॉटेल उघडलं तशी पहिल्याच संध्याकाळी गेले आणि पार्सल घेऊन आले. दुसऱ्या दुपारी गरम करून पहिला घास घेतला, तर झणझणीत मिरची. मला रडू आलं. माझ्याखेरीज आणखी एक बाई वर्षभर त्यांच्या पोटाला जपत होती, आणि ते मी स्वतः सूर्यमाळपर्यंत जाऊन थांबवून आले होते.

संध्याकाळी पेमाताई आत ओरडल्या, "दोन थुक्पा, एक पार्सल."

"एकच," मी म्हटलं.